घटक ६ : पैनगंगेचे खोरे आणि जलविद्युत – माहितीपर गद्याचा अभ्यास

६.१ प्रास्ताविक



मागील घटकांत तुम्ही ललित गद्याचा अभ्यास केला. या घटकात आपण माहितीपर गद्याकडे वळणार आहोत. अहवाल, वृत्तपत्रातील विश्लेषण, ग्रामसभेपुढे ठेवलेले टिपण, प्रकल्पाची जाहीर सूचना हे सारे माहितीपर गद्यच होय. या लेखनाकडे मराठीचे विद्यार्थी बहुधा दुय्यम म्हणून पाहतात. प्रत्यक्ष आयुष्यात मात्र आपला संबंध कवितेपेक्षा अशा मजकुराशी अधिक येतो, आणि तो नीट न वाचल्याचा तोटाही अधिक होतो.

या घटकाची कल्पना मला एका स्वाध्यायावरून सुचली. ‘माझ्या परिसरातील नदी’ या विषयावर निबंध लिहावयास सांगितले होते. पैनगंगेकाठच्या एका विद्यार्थ्याने छान लिहिले होते, शेवटी मात्र एक वाक्य होते : “आपल्या जिल्ह्यात जलविद्युत निर्मितीची प्रचंड क्षमता आहे, परंतु तिचा विकास झालेला नाही.” मी समासात एवढेच लिहिले, “प्रचंड म्हणजे किती?” पुढच्या संपर्क सत्रात तो विद्यार्थी भेटला. वयाने चाळिशीचा, स्वतः शेतकरी. तो म्हणाला, “सर, किती ते नाही माहीत. पण पानी त हाये नदीत, अन् लाईन रातच्या बाराले येते. मंग पान्याची लाईन काहून नाही बनवत?”

प्रश्न साधा आणि रास्त होता. वाशिम जिल्ह्यात नदी आहे, बंधारे आहेत; मग वीज का नाही? या प्रश्नाचे उत्तर शोधताना माहितीपर गद्य कसे वाचावे, कसे तपासावे आणि कसे लिहावे, हे आपण पाहू. थोडे गणित येईल. ते शालेय गुणाकारापलीकडे जात नाही, तेव्हा बिचकू नका. वही-पेन्सिल मात्र जवळ ठेवा.

६.२ खोरे म्हणजे काय? आपण कोणत्या खोऱ्यात राहतो?

ज्या भूप्रदेशावर पडलेले पावसाचे पाणी वाहत येऊन अखेर एकाच नदीला मिळते, तो प्रदेश म्हणजे त्या नदीचे खोरे. ‘पाणलोट क्षेत्र’ हा शब्दही याच अर्थाने वापरतात. परंतु व्यवहारात पाणलोट लहान असतो, एखाद्या ओढ्याचा किंवा धरणाच्या वरच्या भागाचा, आणि खोरे मोठे. दोन खोऱ्यांना वेगळे करणारी उंचवट्याची रेषा म्हणजे जलविभाजक.

वाशिम जिल्हा या जलविभाजकावरच बसलेला आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन तो अस्तित्वात आला, तेव्हा प्रशासनाने आखलेली सीमा आणि निसर्गाने आखलेली सीमा यांचा फारसा मेळ नव्हता. तो तसा कधीच नसतो. जिल्ह्याच्या डोंगराळ भागात उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेकडे जाते, अकोला जिल्ह्यात पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला, आणि ते पाणी अरबी समुद्रात जाते. याच जिल्ह्यातील पूस, अडाण आणि अरुणावती या नद्यांचे पाणी मात्र पैनगंगेत येते. पैनगंगा स्वतः बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या रांगेत उगम पावते, रिसोड तालुक्यातून येते, पुढे काही अंतर वाशिम आणि हिंगोली या जिल्ह्यांची सीमा होते, यवतमाळ-नांदेडच्या सीमेवरून वाहत जाऊन वर्धा नदीला मिळते. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीला जाऊन मिळते. तेव्हा वाशिममध्ये एकाच दिवशी पडलेल्या पावसाचा एक थेंब गुजरातच्या किनाऱ्याला लागतो आणि दुसरा आंध्रच्या.

येथे एक सावधगिरीची सूचना. पूर्णा नावाच्या दोन नद्या आपल्या आसपास आहेत. तापीला मिळणारी पूर्णा वेगळी आणि जिंतूरजवळून वाहत गोदावरीला मिळणारी पूर्णा वेगळी. ‘पूर्णा खोऱ्यातील प्रकल्प’ असे वाचले की कोणती पूर्णा, हे आधी विचारावे. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांतच नव्हे, छापील मजकुरातही मी या दोघींची गल्लत पाहिली आहे.

६.३ शब्दांची पारख

माहितीपर लेखन पारिभाषिक शब्दांवर उभे असते. असे काही शब्द रोज कानांवर पडतात. ते ओळखीचे असतात म्हणूनच आपण त्यांच्याकडे नीट पाहत नाही.

‘वीज’ हा शब्द संस्कृत ‘विद्युत्’पासून प्राकृत ‘विज्जु’मार्गे आपल्याकडे आला. आभाळात चमकते तीही वीज आणि तारेतून येते तीही वीज. शेकडो वर्षे भीतीचा असलेला शब्द शंभर-सव्वाशे वर्षांत सोयीचा झाला. वऱ्हाडात बोलताना मात्र आपण तारेतल्या विजेला ‘लाईन’ म्हणतो : लाईन गेली, लाईन आली. म्हणजे वऱ्हाडी बोलीने आभाळातली आणि तारेतली वीज वेगळ्या शब्दांनी ओळखली, प्रमाण मराठीने ती एकाच शब्दात ठेवली. यात बोली मागासलेली ठरत नाही, उलट अधिक नेमकी ठरते.

‘विसर्ग’ हा शब्द तुम्ही व्याकरणात शिकलात. दोन टिंबांचे ते चिन्ह. पावसाळ्यात वृत्तपत्रे लिहितात, ‘धरणातून विसर्ग वाढविला’. मूळ अर्थ ‘सोडणे’ असाच आहे. विसर्ग दर सेकंदाला वाहणाऱ्या पाण्यात मोजतात : घनफुटांत मोजला तर क्युसेक, घनमीटरांत मोजला तर क्युमेक. पाण्याचा साठा मात्र वेगळ्या मापाने सांगतात. पश्चिम महाराष्ट्रातील बातम्यांत तो ‘टीएमसी’मध्ये, म्हणजे अब्ज घनफुटांत येतो, विदर्भ-मराठवाड्यात ‘दलघमी’, म्हणजे दशलक्ष घनमीटर असे लिहितात. एक टीएमसी म्हणजे सुमारे २८.३ दलघमी. विसर्ग हा वेग आहे आणि साठा हे प्रमाण आहे. ‘धरणात पाच हजार क्युसेक पाणी आहे’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध आणि अर्थदृष्ट्या निरर्थक आहे.

वीजेबाबतही हाच भेद पाळावा लागतो. किलोवॉट आणि मेगावॉट (एक मेगावॉट म्हणजे हजार किलोवॉट) हे यंत्र किती जोराने काम करू शकते ते सांगतात. काम प्रत्यक्ष किती झाले, ते युनिटमध्ये मोजतात. एक किलोवॉटचे यंत्र एक तास चालले की एक युनिट. वीजबिल युनिटवर येते, उद्घाटनाच्या फलकावर मात्र मेगावॉट लिहिलेले असतात.

आता आपल्या निबंधकाराचा शब्द : ‘क्षमता’. या एकाच मराठी शब्दात तीन निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात. नदीतील पाणी आणि उतार पाहता जास्तीत जास्त किती वीज निघू शकेल, ती संभाव्य क्षमता. प्रत्यक्ष बसविलेली यंत्रे किती मेगावॉटची आहेत, ती स्थापित क्षमता. आणि वर्षभरात खरोखर किती युनिट निघाले, ती निर्मिती. लेखक पहिलीबद्दल बोलतो, वाचक तिसरी समजतो, आणि मधल्या मध्ये आशा निर्माण होते. हा दोष केवळ शैलीचा नाही. प्रकल्पासाठी जमीन मागितली जाते तेव्हा बहुधा पहिल्या आकड्याच्या नावाने मागितली जाते.

‘भारनियमन’ या शब्दाबद्दलही दोन शब्द सांगितल्यावाचून राहवत नाही. वीज बंद ठेवणे या कृतीला मराठीत हे नाव मिळाले. ‘नियमन’ म्हटले की शिस्त, व्यवस्था, नियम असे अर्थ मनात येतात. अंधार येत नाही. शासकीय परिभाषा घडविणाऱ्यांचे कौशल्य मी मानतो, पण अभ्यासकाने असा शब्द वापरताना त्याच्या खाली काय झाकले आहे, हे पाहिले पाहिजे.

६.४ पाण्यापासून वीज कशी निघते?

उंचावरचे पाणी खाली पडताना त्याच्या अंगी जोर येतो. तो जोर चक्राची पाती फिरवितो, चक्र जनित्र फिरविते आणि जनित्रातून वीज निघते. म्हणून जलविद्युतेला दोन गोष्टी लागतात : पाणी किती आणि ते किती उंचीवरून पडते. दर सेकंदाला एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी एक मीटर खाली पडले तर ९.८१ किलोवॉट शक्ती मिळते. विसर्ग आणि उंची यांचा गुणाकार करावा, त्याला ९.८१ ने गुणावे. यंत्रातील घट म्हणून पंधरा-वीस टक्के वजा करावेत. एवढेच सूत्र आहे.

हेच उलट मांडले तर अधिक बोलके होते. एक युनिट वीज काढण्यासाठी, घट धरली नाही तर, ३६७ घनमीटर पाणी एक मीटर खाली पडावे लागते. उंची दुप्पट झाली की पाणी निम्मे पुरते.

आता कोयना पाहा. कोयना ही सह्याद्रीच्या माथ्यावरून पूर्वेकडे उतरणारी नदी. तिचे पाणी अडवून बोगद्यांतून पश्चिमेला, कोकणाच्या बाजूला सोडले आहे. तेथे ते सुमारे पावणेपाचशे मीटर खाली उतरते. पंधरा टक्के घट धरली तरी एका युनिटसाठी साधारण ९१० लिटर पाणी लागते. घराच्या गच्चीवरील एका टाकीएवढ्या पाण्यात एक युनिट!

आपल्याकडच्या पैनगंगेवरील एखादे बॅरेज घेऊ. दरवाजे बंद असताना पाण्याच्या वरच्या आणि खालच्या पातळीत, समजा, पाच मीटरचा फरक पडतो. लहान यंत्राची घट वीस टक्के धरू. एका युनिटसाठी ३६७ भागिले ५ भागिले ०.८, म्हणजे जवळजवळ ९२ घनमीटर, ब्याण्णव हजार लिटर पाणी लागेल. कोयनेच्या शंभरपट.

येथे एक विद्यार्थी म्हणेल, पावसाळ्यात पैनगंगेला पूर येतो, तेव्हा पाण्याला काय तोटा? आक्षेप योग्य आहे. समजा पावसाळ्यात साठ दिवस सेकंदाला वीस घनमीटर पाणी मिळाले. २० × ५ × ९.८१ × ०.८ म्हणजे सुमारे ७८५ किलोवॉट. साठ दिवस अखंड चालल्यास साडेअकरा लाखांहून किंचित कमी युनिट. आकडा वाईट नाही. परंतु बॅरेजचे आणि कोल्हापुरी बंधाऱ्याचे वागणे आठवा. पुराच्या दिवसांत बॅरेजचे दरवाजे वर उचललेले असतात, बंधाऱ्याचे बरगे काढून ठेवलेले असतात, नाहीतर पूर काठ फोडून शेतात शिरेल. पाऊस ओसरला की दरवाजे टाकतात आणि उरलेला प्रवाह अडवितात. म्हणजे नदी वाहते तेव्हा पाच मीटरची उंची नसते, आणि उंची उभी राहते तेव्हा नदी वाहत नसते. सूत्रातील दोन्ही संख्या एकाच वेळी हाती येतच नाहीत. आपल्या साडेअकरा लाखांपैकी प्रत्यक्षात फारच थोडे उरतील.

मग उत्तरेकडे पाहू. वाशिम शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, अकोला तीनशेच्याही खाली. पातूरचा घाट उतरताना एसटीत बसून कान दडतात ते यामुळेच. येथे उंची आहे! पण या कडेवरून उतरणाऱ्या काटेपूर्णेचे पाणलोट क्षेत्र या उगमाच्या भागात अगदी लहान आहे, पाऊस चार महिन्यांचा आहे, आणि तिचे पाणी खाली महान येथे अडवून अकोला शहराला पिण्यासाठी दिले जाते. जेथे पाणी गोळा होते तेथे उतार नाही, आणि जेथे उतार आहे तेथे अजून पाणी गोळा झालेले नाही. जलविभाजकावर राहण्याची ही किंमत आहे.

आपल्या सर्वांत जवळचे मोठे उदाहरण म्हणजे येलदरी. जिंतूर तालुक्यातील, त्या दुसऱ्या पूर्णेवरील हे धरण १९६० च्या दशकातले. पायथ्याशी साडेसात मेगावॉटचे तीन संच आहेत, एकूण २२.५ मेगावॉट. आपल्या देशात २५ मेगावॉटपर्यंतच्या केंद्राला ‘लघु जलविद्युत’ म्हणतात, म्हणजे येलदरी लघु या वर्गात बसते. तेथील पाणी प्रथम पिण्याचे आणि सिंचनाचे, नंतर विजेचे. पाणी सोडले की संच फिरतात. धरण न भरलेल्या वर्षांत ते थांबून राहतात.

६.५ मोठे आकडे आणि त्यांच्याखालची गावे

‘प्रचंड क्षमता’ हे विशेषण जगात कोणाला शोभत असेल तर ते आफ्रिकेतील काँगो नदीला. ही नदी विषुववृत्त दोनदा ओलांडते. तिच्या खोऱ्याच्या उत्तरेस कोरडा हंगाम असतो तेव्हा दक्षिणेस पाऊस असतो आणि उलट. त्यामुळे तिचा प्रवाह बारमाही आणि आश्चर्य वाटावे इतका स्थिर आहे. समुद्राजवळ येताना इंगा येथे ती थोड्या अंतरात सुमारे ९६ मीटर उतरते. विसर्ग सेकंदाला सरासरी चाळीस हजार घनमीटरच्या आसपास. आपले सूत्र लावा : ४०,००० × ९६ × ९.८१. उत्तर पावणेचार कोटी किलोवॉटच्या वर, म्हणजे सुमारे साडेसदतीस हजार मेगावॉट येते. या स्थळाची संभाव्य क्षमता चाळीस हजार मेगावॉट किंवा अधिक असल्याचे जे सांगितले जाते, त्याच्या जवळ आपण वहीवरच पोहोचलो.

प्रत्यक्षात काय उभे आहे? १९७२ मध्ये इंगा-१ सुरू झाले, ३५१ मेगावॉटचे. १९८२ मध्ये इंगा-२, १,४२४ मेगावॉटचे. दोन्ही मिळून १,७७५. कोयनेच्या १,९६० मेगावॉटपेक्षाही कमी. आणि यातील वीज सुमारे १,७०० किलोमीटर लांबीच्या वाहिनीने देशाच्या दुसऱ्या टोकाच्या तांब्याच्या खाणींकडे नेण्यात आली. वाहिनीच्या खालची गावे अंधारातच राहिली. आजही त्या देशात पाचांपैकी सुमारे एकाच माणसाला वीज मिळते. संभाव्य क्षमता जगात अव्वल, आणि घरात कंदील.

आपल्याला हे दूरचे वाटू नये. मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळावी म्हणून टाटांनी सह्याद्रीत धरणे बांधली. खोपोलीचे केंद्र १९१५ मध्ये, भिवपुरी १९२२ मध्ये आणि भिरा १९२७ मध्ये सुरू झाले. भिऱ्याला पाणी देणाऱ्या मुळशीच्या धरणात मावळातील शेतकऱ्यांची भातखाचरे बुडणार होती. १९२१ मध्ये तेथे सत्याग्रह उभा राहिला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी लोकांनी त्यातूनच दिली. धरण झालेच. कोयनेच्या जलाशयातून उठलेली गावेही दूरवर विखुरली आणि त्यांच्या पुनर्वसनाचे प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिले. जलविद्युत स्वच्छ असते, धूर सोडत नाही, हे खरे आहे. ती विनामूल्य असते, हे खरे नाही.

कोयनेचाच आणखी एक हिशेब करून पाहू, म्हणजे स्थापित क्षमता आणि निर्मिती यांतील अंतर ध्यानात येईल. १,९६० मेगावॉटची सारी यंत्रे वर्षाचे ८,७६० तास चालली तर सुमारे १,७१७ कोटी युनिट निघतील. परंतु कृष्णा पाणी तंटा लवादाने कोयनेचे पश्चिमेकडे वळवावयाचे पाणी ६७.५ टीएमसी, म्हणजे सुमारे १,९११ दलघमी ठरविले. दर घनमीटरला १.१ युनिट धरल्यास सुमारे २१० कोटी युनिट होतात; तेच पाणी खाली कोळकेवाडीला पुन्हा वापरतात, त्याची भर धरली तरी निर्मिती पूर्ण क्षमतेच्या साधारण सहाव्या-सातव्या हिश्श्याइतकीच राहील. यात यंत्रांचा काही दोष नाही. कोयना अहोरात्र चालवावयाची नसतेच. संध्याकाळी सारा महाराष्ट्र एकदम दिवे लावतो तेव्हा काही मिनिटांत वीज द्यायची, हे तिचे काम. कोळशाच्या केंद्राला ते जमत नाही.

६.६ आपली वीज येते कोठून?

वाशिममधला दिवा पेटतो तो मुख्यतः कोळशावर. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा ही औष्णिक केंद्रे विदर्भातच आहेत, आणि शेजारच्या अकोला जिल्ह्यात पारस येथे २५० मेगावॉटचे दोन संच आहेत. कोळशाची वीज म्हणजे पाण्याविना वीज, अशी अनेकांची समजूत असते. ती चुकीची आहे. कोळसा जाळून पाण्याची वाफ करावी लागते आणि ती पुन्हा थंड करावी लागते. २०१० च्या उन्हाळ्यात इरई धरणातील पाणी आटल्याने चंद्रपूरचे संच बंद करावे लागले होते. २०१३ च्या दुष्काळात परळीचे केंद्र पाण्याअभावी थांबले. दुष्काळ जलविद्युतेला मारतो तसा औष्णिक विजेलाही मारतो, फक्त थोडा उशिरा.

आता त्या शेतकरी विद्यार्थ्याच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग. पैनगंगेवर बॅरेजेसची मालिका उभी राहिली, पाणी अडले. पण नदी खोल पात्रातून वाहते आणि शेते वर आहेत. ते पाणी उचलावयाचे कशाने? विजेने. म्हणजे आपल्या खोऱ्यात पाणी वीज देत नाही. पाणी वीज मागते. समजा नदीपासून शेत वीस मीटर उंच आहे. मोटर, पंप आणि पाईप यांतील घट निम्मी धरली तर एका युनिटमध्ये सुमारे ९,२०० लिटर पाणी वर चढते. एका एकर हरभऱ्याला पाच सेंटीमीटर खोलीचे एक ओलित द्यायचे, तर दोन लाख लिटर पाणी, म्हणजे जवळजवळ २२ युनिट वीज. आता मागील हिशेब आठवा : बॅरेजवर एक युनिट काढण्यासाठी ९२,००० लिटर पाणी खाली सोडावे लागत होते. दहा घागरी पाणी सोडून द्यावे तेव्हा एक घागर शेतात चढणार. रब्बीच्या तोंडावर, नदी अडविलेली असताना, असा सौदा कोणता शेतकरी करील?

पण बावीस युनिट ही काही आकाशातून आणावयाची गोष्ट नाही. खरे तर आकाशातूनच आणता येते. एक किलोवॉटचे सौर फलक स्वच्छ दिवशी चार-साडेचार युनिट देतात. पाच अश्वशक्तीच्या सौरपंपाचे फलक साधारण पाच किलोवॉटचे असतात. दिवसाला वीसेक युनिट. म्हणजे एका एकराचे एक ओलित आणि एका दिवसाचे ऊन, हिशेब जवळपास जुळतो. शिवाय ऊन दिवसाच असते, त्यामुळे रात्री बाराला विंचू-सापांतून मोटर सुरू करावयास जावे लागत नाही. २०१७ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना, २०१९ ची केंद्राची कुसुम योजना, २०२४ ची ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ ही योजना यांचा रोख हाच आहे. योजनेचे नाव आणि योजनेचा अनुभव यांत किती अंतर पडते, हे तुम्ही माझ्याहून चांगले जाणता. ढगाळ दिवशी पंप मंदावतो, आणि उन्हाळ्यात नदी कोरडी पडल्यावर तेच फलक घराच्या कामी येतील अशी सोय सर्वत्र नसते. या अडचणी माहितीपर लेखकाने लपवू नयेत.

जलविद्युतेला यात जागाच नाही काय? आहे, पण वेगळी. दिवसा उन्हाची वीज जादा झाली की तिने पाणी खालच्या तळ्यातून वरच्या तळ्यात चढवावयाचे आणि रात्री तेच पाणी खाली सोडून वीज काढावयाची. शंभर युनिट घातले तर पंचाहत्तर-ऐंशी परत मिळतात. अकोले तालुक्यातील घाटघर येथे २५० मेगावॉटचे असे उदंचन केंद्र आहे. पैठणला जायकवाडीवरही १२ मेगावॉटचे आहे. येथे पाणी इंधन राहत नाही, ते वीज साठविण्याचे भांडे होते. ‘उदंचन’ हा शब्द जड वाटेल. ‘उपसा’ म्हटले असते तरी चालले असते. पण परिभाषा समित्यांना साधे शब्द क्वचितच सुचतात.

६.७ पुन्हा त्या वाक्याकडे

“आपल्या जिल्ह्यात जलविद्युत निर्मितीची प्रचंड क्षमता आहे, परंतु तिचा विकास झालेला नाही.” आता हे वाक्य तुम्ही कसे दुरुस्त कराल? ‘प्रचंड’च्या जागी ‘अल्प’ लिहिणे ही दुरुस्ती नव्हे. तेही विशेषणच झाले. त्या विद्यार्थ्याने पुढे स्वतःच केलेली दुरुस्ती अशी होती : “आमच्या गावाजवळ पैनगंगेवर बॅरेज आहे. पावसाळ्यात त्याचे दरवाजे उघडे असतात, म्हणून त्यापासून वीज काढता येत नाही. हिवाळ्यात पाणी अडलेले असते, परंतु ते शेतात उचलण्यासाठी एकरी एका ओलिताला सुमारे बावीस युनिट वीज लागते. ही वीज दिवसा मिळणे, ही आमची गरज आहे.” चार वाक्ये झाली. एकही विशेषण मोठे नाही. हा मजकूर ग्रामसभेच्या ठरावात जसाच्या तसा घालता येईल, आणि त्याला उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्याला आकड्यानेच उत्तर द्यावे लागेल. मी त्याचे गुण वाढवून दिले. ‘ओलित’ हा वऱ्हाडी शब्द त्याने ‘सिंचन’ असा बदलला नाही, याचे दोन गुण निराळे.

स्वाध्याय

१. ‘संभाव्य क्षमता’, ‘स्थापित क्षमता’ आणि ‘निर्मिती’ यांतील फरक कोयना आणि इंगा यांच्या आधारे दीडशे शब्दांत स्पष्ट करा.

२. एखाद्या वृत्तपत्रातील धरण किंवा वीज यांविषयीची बातमी घ्या. तीत विसर्ग, साठा, मेगावॉट आणि युनिट हे शब्द योग्य अर्थाने आले आहेत का, ते तपासा. चूक आढळल्यास वाक्य दुरुस्त करून लिहा.

३. तुमच्या घराचे मागील महिन्याचे वीजबिल काढा. त्यातील युनिट येलदरीसारख्या धरणातून काढावयाचे झाल्यास किती लिटर पाणी लागेल? पाण्याची उंची २५ मीटर आणि यंत्रातील घट २० टक्के धरा.

४. तुमच्या गावातील पाणी आणि वीज यांविषयी ग्रामसभेपुढे ठेवावयाचे टिपण लिहा. शब्दमर्यादा दोनशे. प्रत्येक विशेषणाच्या जागी आकडा किंवा वस्तुस्थिती देता येते का, हे पाहा. बोलीतील शब्द आवश्यक वाटल्यास अवश्य वापरा. टिपणाची एक प्रत पुढील संपर्क सत्राला सोबत आणावी.